डबाभर मेक्सिकन चांदी आणि तीन वाटेकरी

मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरातल्या तीन भावंडांच्या घरचं हे प्रकरण. वडील रेल्वेत नोकरीला होते. ते गेल्यावर कपाट आवरताना बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा निघाला आणि त्यात ७३ नाणी. थोरली बहीण निवृत्त शिक्षिका, ती आमच्याच इमारतीत राहते. मधला भाऊ याच शहरात, धाकटी बहीण मोंतेरेईला. मी नोकरीनिमित्त या देशात आले आणि इथल्या चांदीच्या नाण्यांच्या नादी लागले, हे थोरल्या बाईंना ठाऊक होतं. म्हणून डबा माझ्या टेबलावर आला. घरच्यांच्या परवानगीनं लिहिते आहे. नावं देत नाही, बाकी तपशील आहे तसा ठेवला आहे.

चांदीचा भाव रोज हलतो. म्हणून सगळा हिशेब औंसाला ३० डॉलर असा गोल आकडा धरून मांडला आहे. वाचताना जो भाव असेल तो घालून कोणालाही तो नव्यानं करता येईल. औंस म्हणजे ३१.१ ग्रॅमचा ट्रॉय औंस.

डबा माझ्याकडे येण्याआधी दोन गोष्टी घडून गेल्या होत्या. भाऊ शहराच्या मध्यभागी, 'सोनं-चांदी विकत घेतो' अशी पाटी लावलेल्या एका दुकानात जाऊन आला होता. दुकानदारानं १२ लहान पेसो आणि राजाच्या चेहऱ्याचं एक मोठं नाणं बाजूला सारलं, उरलेली ६० नाणी काट्यावर घातली, सगळी ७२ टक्के चांदीची धरली, वर भट्टीची घट म्हणून १५ टक्के कापले आणि साधारण साडेआठशे डॉलरांच्या तोडीचे पेसो सांगितले. याला मी लबाडी म्हणणार नाही. मोडीत घेणारा मोडीचाच भाव सांगणार. पण भावाला ते पटलं नाही, आणि त्यानं दुसरी तोड काढली: विकायचंच नाही, काट्यावर तीन सारखे ढीग करायचे आणि ज्याचा त्यानं न्यायचा.

थोरल्या बाईंचा प्रश्न साधा होता. "सारख्या वजनाचे ढीग केले, तर वाटणी न्यायाची होईल ना?"

माझं उत्तर होतं, नाही होणार. का नाही, ते दाखवायला सगळा डबा टेबलावर मांडावा लागला.

आधी कस, मग वजन

साधनं फार लागत नाहीत. शतांश ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा, दहापट मोठं दाखवणारं भिंग, एक लोहचुंबक, पाण्याचा पेला आणि दोरा. खाली मऊ कापड, आणि नाणं धरायचं ते कडेनं. बोटांचा घाम चांदीवर डाग पाडतो.

मेक्सिकोच्या चांदीचं कोडं असं की 'एक पेसो' हे नाव कायम राहिलं आणि आतली चांदी विरत गेली. १९१४ पर्यंतचा मोठा पेसो २७.०७ ग्रॅमचा, कस, म्हणजे वजनातला शुद्ध चांदीचा वाटा, ०.९०३ च्या आसपास; म्हणजे निव्वळ चांदी २४.४ ग्रॅम. पहिल्या महायुद्धात चांदी इतकी महागली की नाण्यातला धातूच नाण्याच्या किमतीपेक्षा महाग झाला आणि नाणी देशाबाहेर व भट्टीत जाऊ लागली. १९१८ चा पेसो १८.१३ ग्रॅमवर आला, कस ०.८००, निव्वळ चांदी १४.५ ग्रॅम. १९२० पासून १६.६६ ग्रॅम आणि ०.७२०, म्हणजे बरोब्बर १२ ग्रॅम चांदी. हा पेसो १९४५ पर्यंत चालला. १९४७ ला ७ ग्रॅम, १९५० ला ४ ग्रॅम, आणि १९५७ ते १९६७ च्या पेसोत फक्त १.६ ग्रॅम. एकाच नावाखाली २४.४ पासून १.६ पर्यंतची ही घसरगुंडी ज्याला माहीत नाही, त्यानं मेक्सिकन चांदीच्या वाटणीत काटा हातात घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

मी दोन ढीग काट्यावर ठेवून दाखवले. एकीकडे १९५७ नंतरचे १२ लहान पेसो, वजन १९२ ग्रॅम. दुसरीकडे १८९८ ते १९०९ या काळातल्या घडणीचे ७ मोठे पेसो, ज्यांवर किरणांत स्वातंत्र्याची टोपी असते, वजन १८९ ग्रॅम. काट्याला दोन्ही सारखेच. पण पहिल्या ढिगात चांदी १९ ग्रॅम आणि दुसऱ्यात १७१ ग्रॅम. नऊपट. भाऊ थोडा वेळ काट्याकडे बघत राहिला, आणि सारख्या ढिगांचा विषय तिथंच संपला.

बाकीची छाननी भराभर झाली. शेवटचा आस्तेक राजा क्वाउतेमोक याच्या चेहऱ्याची ५ पेसोची ८ नाणी, १९४७ आणि १९४८ ची. ३० ग्रॅम, ०.९०० कस, २७ ग्रॅम चांदी. १९२० ते १९४५ चे १६ पेसो. मेक्सिकोतल्या १९६८ च्या ऑलिंपिकनिमित्त निघालेली २५ पेसोची ९ नाणी, २२.५ ग्रॅम, ०.७२०. स्वातंत्र्यलढ्यातला नेता मोरेलोस याच्या चित्राची १०० पेसोची २, १९७७ नंतरची, २० ग्रॅम चांदीची. त्याच लढ्यातल्या इदाल्गोच्या चेहऱ्याची ५ पेसोची ४. यांतही चांदी २० ग्रॅमच. रेल्वेचं एक, १९२१ चं एक, 'काबायितो' म्हणजे घोडेस्वाराचे पेसो ३, आणि ८ रेआलेसची, म्हणजे पेसोच्या आधीच्या मोठ्या चांदीच्या नाण्यांची, ९. ही शेवटची दोन कुळं आणि टोपीवाले पेसो यांवरच पुढं सगळा वेळ गेला.

झिजेची तूट धरून ६० नाण्यांत निव्वळ चांदी साडेसदतीस औंस भरली, म्हणजे सव्वाअकराशे डॉलर. दुकानदाराचा आकडा साडेआठशे. निम्म्याहून अधिक चांदी ०.९०० आणि त्यावरच्या कसाची असताना सगळी ०.७२० नं मोजली आणि वर घट कापली, की एवढा फरक पडतो. संग्राहकाची किंमत हा विषय अजून सुरूही झाला नव्हता.

दुकानदारानं बाजूला सारलेलं मोठं नाणं मीही लगेच बाजूला ठेवलं. त्यावर स्पेनचा राजा तिसरा कार्लोस याचं नाव होतं आणि साल १७९६. तिसरा कार्लोस १७८८ च्या डिसेंबरात वारला. १७९६ च्या अस्सल नाण्यावर चौथ्याचं नाव हवं. कडेवर वर्तुळ आणि चौकोन यांची आलटून-पालटून नक्षी असायला हवी, आणि कडेचे ठसे दोन अर्ध्या भागांत असल्यामुळं समोरासमोरच्या दोन जागी ती नक्षी एकमेकींवर चढलेली दिसायला हवी. इथं साध्या आडव्या रेघा होत्या. वजन २२ ग्रॅम. पाण्यात धरून घनता काढली तर साडेआठच्या जरा वर (अशा चांदीच्या नाण्याला दहाच्या वर हवी), म्हणजे जर्मन सिल्व्हर किंवा तशाच एखाद्या मिश्रधातूचं काम. चांदीचा संबंध नाही.

१८९८ ची पाच नाणी

घरात ज्या नाण्यांचा सर्वांत मोठा मान होता ती ही पाच. सातांपैकी पाच टोपीवाल्या पेसोंवर साल १८९८, मेक्सिको सिटीच्या टांकसाळीची खूण आणि ए-एम ही कस तपासणाऱ्यांची अक्षरं. पाचही लखलखीत. घरातली आख्यायिका अशी की पणजोबांनी ती चीनशी व्यापार करणाऱ्यांकडून मिळवली. मग पणजोबांचं नाणं म्हणून प्रत्येकाला त्यातलं एक तरी हवं होतं.

पणजोबांच्या काळापासून हातोहात आलेल्या पाच नाण्यांपैकी एकावरही झीज नसावी, हे मला खटकलं. १८९८ चा पेसो म्हटला की एक गोष्ट आधी तपासायची. १९४९ साली चीनच्या राष्ट्रवादी सरकारसाठी मेक्सिकोनं हाच पेसो पुन्हा पाडला, जुनंच साल घालून. तोही थोडाथोडका नाही, एक कोटीच्या वर. चिनी बाजाराला मेक्सिकन गरुडाच्या चांदीची पिढ्यान्‌पिढ्या सवय होती. ओळखीचं नाणं लोक न कुरकुरता घेतात, म्हणून जुनाच चेहरा. वजन आणि कस दोन्ही जुन्याच मापाचे. त्यामुळं काटा, चुंबक, पाणी यांतलं काहीही इथं उपयोगाचं नाही.

फरक कडेलगतच्या मण्यांच्या ओळीत आहे. मूळ १८९८ च्या नाण्यात १३९ मणी, १९४९ च्या पुनर्घडणीत १३४. डोळ्यांनी थेट मोजायला जाऊ नये. तिसाव्या मण्यापाशी नजर हमखास घसरते. मी प्रत्येक नाण्याचा सरळ वरून फोटो काढला, कागदावर ताटाएवढा मोठा छापला, पहिल्या मण्यावर लाल खूण केली आणि दर दहा मण्यांनंतर पेन्सिलीची रेघ मारत गेले. धाकटी बहीण त्या दिवशी आलेली होती, तिनं माझ्यामागून स्वतंत्र मोजणी केली. चार नाण्यांवर दोघींचेही १३४ आले. पाचव्यावर तिचे १३५ आणि माझे १३४, म्हणून दोघींनी मिळून पुन्हा मोजले, तेव्हा एक मणी तिनं दोनदा धरलेला निघाला.

पाचही १९४९ ची. म्हणजे पणजोबांची नव्हेत, वडिलांच्या तरुणपणातली.

थोरल्या बाईंना वाईट वाटलं, आणि ते मला समजत होतं. पण आख्यायिका पार खोटी नव्हती. चीनचा उल्लेख खरा होता, फक्त उलटा फिरला होता. ही नाणी चीनहून आलेली नव्हती, चीनसाठी पाडलेली होती. बाजारात त्यांना चांदीच्या वर थोडीच रक्कम मिळते. मूळ १८९८ च्या टवटवीत नाण्याला जास्त मिळाली असती. उरलेले दोन टोपीवाले पेसो १९०१ आणि १९०८ चे, हाताळून गुळगुळीत झालेले, ते मात्र खरोखर त्या काळातले. घरात त्यांना कोणी विचारत नव्हतं.

घोड्यावरची १९१४

काबायितो हे माझ्या मते मेक्सिकोनं पाडलेलं सर्वांत देखणं चांदीचं नाणं. १८१० च्या स्वातंत्र्याच्या हाकेला शंभर वर्षं झाली म्हणून १९१० साली ते आलं. घडण शार्ल पिये या फ्रेंच शिल्पकाराची. मशाल घेतलेली स्वातंत्र्यदेवता घोड्यावर, मागं उगवत्या सूर्याचे किरण. नाणं आलं त्याच वर्षी क्रांती पेटली, आणि १९१४ नंतर ते थांबलं. शेवटच्या वर्षी फक्त १ लाख २० हजार नाणी निघाली. १९१० ची ३८ लाखांच्या वर होती. म्हणून १९१४ चं काबायितो झिजलेलं असलं तरी चांदीच्या कित्येक पटीनं जातं.

डब्यात तीन होती: १९१०, १९११ आणि १९१४. दुकानातून परतल्यावर भावानं तिसरं वेगळं काढून खिशात ठेवलं होतं. १९१४ चं काबायितो फार महाग जातं, असं त्यानं कुठंतरी वाचलं होतं आणि ते चुकीचं नव्हतं.

वजन २६.९५ ग्रॅम, झीज धरता योग्य. घनतेसाठी पाण्याचा पेला काट्यावर ठेवून आकडा शून्य केला, नाणं दोऱ्यानं पाण्यात लोंबतं धरलं, तळाला किंवा काठाला टेकू न देता. काटा २.६१ दाखवू लागला. २६.९५ ला २.६१ नं भागलं की १०.३, ०.९०३ कसाच्या चांदी-तांब्याला हाच आकडा हवा. कडेवरची 'इंदेपेंदेन्सिया इ लिबेर्ताद' (स्वातंत्र्य आणि मुक्ती) ही अक्षरंही जागच्या जागी. तोपर्यंत भावाच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

मग भिंग घेतलं. घोड्याची मांडी, देवतेचा गुडघा, किरणांची टोकं ही उंच जागा सपाट झाली होती. सालातले १, ९, १ हेही बोथट, कडा गोल झालेल्या. फक्त शेवटचा ४ धारदार. नाणं वर्षानुवर्षं खिशांतून फिरतं तेव्हा झीज चारही आकड्यांना सारखीच लागते. एक आकडा तिच्यातून सुटत नाही. दिवा बाजूनं तिरपा धरला, तशी ४ च्या भोवतीची सपाटी वेगळी दिसू लागली. बाकी पृष्ठभागावर जुन्या हाताळणीचे वाटेल त्या दिशेचे बारीक ओरखडे, आणि ४ भोवती मात्र एकाच दिशेनं गेलेले, जवळजवळ समांतर, आणि तिथं पृष्ठभाग किंचित खोलगट. कोणीतरी १९११ च्या शेवटच्या १ ला कोरून, आजूबाजूची चांदी ओढून ४ केला होता. प्रमाणित, म्हणजे तज्ज्ञ संस्थेनं तपासून अस्सल ठरवलेल्या, १९१४ च्या नाण्यांचे मोठे फोटो शेजारी ठेवून पाहिले. त्यांच्या ४ ची आडवी रेघ आणि याची, दोन्हींची ठेवण जुळत नव्हती.

हे नाणं अस्सल चांदीचं आणि अस्सल टांकसाळीचं आहे. खोटं आहे ते फक्त साल. नाणी जमवणाऱ्या नवख्यांना मी नेहमी हेच सांगते की काटा धातूबद्दल बोलतो, सालाबद्दल नाही. आणि दुःखाची गोष्ट म्हणजे मूळच्या १९११ च्या चांगल्या काबायितोला चांदीच्या दुप्पट-तिप्पट सहज मिळाले असते. साल कोरल्यामुळं आता फक्त धातूची किंमत उरली.

भावानं विचारलं, "पण माहीत नसलेला कोणी घेईल की?" थोरलीनं माझ्या आधीच उत्तर दिलं. बाबांच्या डब्यातून फसवणूक बाहेर जाणार नाही.

झिजलेला ढीग

८ रेआलेसची ९ नाणी कापडाच्या पुरचुंडीत होती, काळवंडलेली. भाऊ त्यांना 'मोडीचा माल' म्हणत होता. मला मात्र डबा उघडल्यापासून त्यांच्याचकडे जायचं होतं.

मेक्सिको सिटीची टांकसाळ १५३५ सालच्या राजाज्ञेनं उभी राहिली, अमेरिका खंडातली पहिली. तिथून आणि नंतर इतर गावांतल्या टांकसाळींतून निघालेली ८ रेआलेस जगभर फिरली. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत परकी चांदीची ही नाणी १८५७ पर्यंत कायदेशीर चलन होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून पेट्यांनी रेआल सुरतेला येत आणि तिथं वितळून त्यांचे रुपये होत. आपल्या आजीच्या रुपयांत मेक्सिकोतल्या साकातेकासच्या खाणीतली चांदी असणं अगदी शक्य आहे. स्वतंत्र मेक्सिकोच्या ८ रेआलेसवर एका बाजूला साप धरलेला गरुड आणि दुसऱ्या बाजूला किरणांतली टोपी. ही घडण १८२० च्या दशकापासून १८९७ पर्यंत चालली. मध्ये १८६९ ते १८७३ या काळात सरकारनं तराजूच्या चित्राचा पेसो आणून पाहिला, पण चिनी व्यापाऱ्यांनी नाकं मुरडली आणि जुनं नाणं परत आणावं लागलं.

किरणांखालची अक्षरओळ वाचता आली की अर्धं मूल्यमापन झालं. एकावर अशी होती: आठ रेआलेस, 'झेड-एस', १८८२, 'जे-एस', '१० डी-एस २० जी-एस'. झेड-एस म्हणजे साकातेकासची टांकसाळ. जे-एस ही कस तपासून जबाबदारी घेणाऱ्याची अक्षरं. १० दिनेरो २० ग्रानो हा कस: शुद्ध चांदी १२ दिनेरोंची, एका दिनेरोत २४ ग्रानो. म्हणजे २८८ पैकी २६० भाग, ०.९०२७. प्रत्येक नाणं आपली जन्मपत्रिका अंगावर घेऊन फिरतं.

टांकसाळी चौदा होत्या, आणि किंमत त्यांवर फार ठरते. साकातेकास, ग्वानाह्वातो आणि मेक्सिको सिटी यांनी अमाप नाणी पाडली. आमच्या ढिगात साकातेकासची ४, ग्वानाह्वातोची २, मेक्सिको सिटीचं १, ग्वादालाहाराचं १. ही सगळी साधारण सालांची. नवव्यावर खूण होती 'जी-सी', साल १८४५.

जी-सी म्हणजे ग्वादालूपे इ काल्वो. चिवावा राज्याच्या डोंगरातलं खाणीचं गाव. तिथली टांकसाळ १८४४ ते १८५२ एवढीच चालली. एवढ्या थोड्या काळातली नाणी कमीच उरली आहेत. डब्यातलं नाणं देखणं नव्हतं: टोपी सपाट झालेली, गरुडाची छाती पुसलेली, एका काठाला मार. पण अक्षरं स्वच्छ वाचता येत होती, वजन २६.८ ग्रॅम, घनता योग्य. आणि सर्वांत महत्त्वाचं, कोणी घासलेलं नव्हतं. खाचांमध्ये साचलेला काळसर थर तसाच होता. प्रमाणित नाण्यांच्या फोटोंशी गरुडाची आणि आकड्यांची ठेवण जुळली. संग्राहकांच्या लिलावांत अशा झिजलेल्या जी-सी नाण्यांना चांदीच्या कित्येक पट मिळालेले दिसतात. भावाच्या 'मोडीच्या माला'त डब्यातलं सर्वांत किमती नाणं पडून होतं.

आणखी एक. साकातेकासच्या एका नाण्यावर, गरुडाच्या दोन्ही बाजूंना, ठोकून उमटवलेल्या लहान लहान खुणा होत्या. भावाला वाटलं कोणी खिळ्यानं नासवलं. भिंगाखाली त्यातली एक खूण चिनी अक्षराची निघाली, बाकीच्या साध्या नक्षीच्या. चिनी सराफ नाणं तपासून 'हे आम्ही पाहिलं' म्हणून आपला ठसा मारत. जितके हात, तितके ठसे. एके काळी संग्राहक अशा नाण्याला खराब झालेलं म्हणत. आता त्यांचा वेगळा चाहतावर्ग आहे. चीनला जाऊन खरोखर परत आलेलं नाणं घरात होतंच, फक्त ते लखलखणाऱ्या पाचांत नव्हतं.

उरलेली, थोडक्यात

१९५० चं ५ पेसोचं नाणं आग्नेय मेक्सिकोच्या रेल्वेमार्गाच्या उद्घाटनाचं. फक्त दोन लाख निघाली. वडील रेल्वेतले, त्यांनी ते का जपलं असेल हे सांगायला नको. चांदीच्या दुप्पट-तिप्पट किंमत सहज. इदाल्गोच्या चारांपैकी तीन १९५३ ची, ज्या वर्षी दोन कोटींच्या वर निघाली. चौथं १९५४ चं, त्या साली फक्त ३० हजार. चेहरा तोच, वजन तेच. म्हणून साल न वाचता ढीग लावणाऱ्याच्या हातून हेच नाणं आधी जातं. ऑलिंपिकची नाणी संख्येनं अडीच कोटींच्या वर असल्यामुळं धातूच्याच भावाची. वर्तुळांची ठेवण जराशी खाली असलेले आणि सापाची जीभ वेगळी असलेले प्रकार मी तपासले, सगळी साधीच निघाली. ती मऊ प्लास्टिकच्या जुन्या पिशव्यांत होती आणि त्यावर हिरवट चिकटा धरला होता. शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून काढली, घासली नाहीत. ॲसिटोन चिकटा काढतं, चांदीला हात लावत नाही.

१९२१ च्या २ पेसोच्या नाण्याबद्दल मात्र हळहळ वाटते. स्वातंत्र्याच्या शताब्दीचं नाणं, पंखवाली विजयदेवता, २४ ग्रॅम चांदी, चांगल्या स्थितीत सगळेच मागतात. भावानं तेवढंच एक टूथपेस्ट लावून घासलं होतं. आरशासारखं चमकत होतं, आणि देवतेच्या पंखांवर हजार बारीक रेघा. बाजारात त्यावर 'साफ केलेलं' असा शेरा पडणार आणि किंमत जवळपास धातूवर येणार. चांदीच्या जुन्या नाण्याला घासू नका, हे घरातल्या प्रत्येकाला डबा सापडायच्या आधी सांगून ठेवायला हवं.

वाटणी

मी एक तक्ता केला. प्रत्येक नाण्यासमोर तीन रकाने: निव्वळ चांदी ग्रॅममध्ये, धातूची किंमत, आणि झालेल्या लिलावांत तशाच स्थितीच्या नाण्याला मिळालेली किंमत. विक्रेत्यांनी मागितलेल्या किमती मी धरत नाही; मागायला काय, कोणी काहीही मागतो. कॅटलॉगमधल्या किमतीही फक्त कोणतं साल दुर्मिळ आहे हे कळण्यापुरत्या पाहिल्या. तिसऱ्या रकान्याची बेरीज सतराशे डॉलरच्या आसपास आली, म्हणजे मोडीच्या भावाच्या दुप्पट. त्यातला वरचा भाग मुख्यतः जी-सी, दोन खरी काबायितो, रेल्वेचं नाणं, १९५४ चं आणि बाकीची ८ रेआलेस यांचा.

मग दोन गट पाडले. क्वाउतेमोक, ०.७२० चे पेसो, ऑलिंपिक, १०० पेसो, १९५३ ची तीन, १९४९ मध्ये पाडलेली पाच, घासलेलं १९२१ आणि साल कोरलेलं काबायितो हा धातूचा गट. हा निव्वळ चांदीच्या ग्रॅमवर तीन सारख्या भागांत गेला, आणि इथं काटा निर्धास्त वापरता आला. दुसऱ्या गटातली नाणी आळीपाळीनं निवडायची, आणि जो जे घेईल त्याच्या खात्यावर तिसऱ्या रकान्यातली रक्कम लिहायची. शेवटी फरक रोखीनं भागवायचा. पहिली निवड कोणाची यासाठी चिठ्ठी टाकली.

चिठ्ठी धाकटीच्या नावानं निघाली. तिनं जी-सी सोडून रेल्वेचं नाणं उचललं. थोरली म्हणाली ते हिशेबात धरू नका, तिला बाबांची आठवण म्हणून असंच राहू दे. धाकटीनं ऐकलं नाही, पूर्ण रक्कम आपल्या खात्यावर लिहायला लावली. मला तिचंच बरोबर वाटलं. आठवणीला सूट दिली की पुढच्या नाण्यावरही कोणाची ना कोणाची आठवण निघते आणि तक्ता कोसळतो.

भावानं चिनी ठशांचं नाणं घेतलं, ज्याला त्यानं नासवलेलं म्हटलं होतं. साल कोरलेलं काबायितोही त्याच्याच धातूच्या वाट्यात आलं. त्याच्या पाकिटावर थोरलीनं आपल्या हातानं 'मूळ साल १९११, शेवटचा आकडा कोरलेला' असं लिहिलं, तारीख टाकली आणि तिघांनी सह्या केल्या. १९४९ ची पाच नाणी दोन, दोन, एक अशी गेली. ती पणजोबांची नाहीत हे कळल्यावरही प्रत्येकाला त्यातलं एक हवंच होतं.

जी-सी कोणीच घेतलं नाही; तिघांनी मिळून विकायचं ठरवलं. प्रमाणित करून घ्यायला पाठवायचं असं एवढं एकच नाणं, कारण शुल्क आणि विम्यासकट टपालखर्च बाकी कोणत्याही नाण्याला परवडत नाही. काठावरच्या मारामुळं त्याला स्थितीचे गुण सांगणारी आकड्यातली श्रेणी न मिळता फक्त 'अस्सल, काठाला इजा' असा शेरा मिळेल, अशी माझी अपेक्षा आहे, आणि तसं मी तिघांना आधीच सांगून ठेवलं आहे. शेरा आला की ते मेक्सिकन नाण्यांच्या लिलावात जाईल. बारा लहान पेसो थोरल्या बाईंनी भाच्यांना खेळायला दिले, आणि तिसऱ्या कार्लोसचं १७९६ चं नाणं माझ्याकडे आलं. खोटं कसं ओळखायचं हे शिकवायला मला ते हवंच होतं.